कारणाचा रकाना

मालक म्हणाले, शनिवारी दुपारी
नव्या पोरांना चार शब्द सांगा, दुडममामा,
तपासणी निःपक्षपाती कशी असावी, ते.

रात्री मी शब्द जमवले.
वस्तुनिष्ठता. पूर्वग्रह. सदसद्विवेक.
बायको म्हणाली, भाकरी गार होतीय,
कुणाच्या लग्नाचं आमंत्रण लिहिताय?

शनिवारी अक्कलकोट रोडच्या शेडमध्ये
पत्रा तापून टकटक वाजत होता.
अठरा माग बंद.
इतक्या शांततेची माझ्या कानांना सवय नाही.
मी ‘पूर्वग्रह’ म्हणालो,
पोरांनी पंख्याकडे पाहिलं.
मी ‘वस्तुनिष्ठता’ म्हणालो,
सादिकनं जांभई दिली, इतकी सावकाश
की मला त्याची किडलेली दाढ दिसली.
विजयालक्ष्मी मेरगू तेवढी लिहून घेत होती.
तिनंच मान वर केली :
“मामा, हे चादरीत कुठं दिसतं?”

एकतीस वर्षं टेबलावर चादर पसरून
मी बोटांनी दोष काढलेत,
डोळे मिटून विरळ पट्टा सांगेन.
हिला काय दाखवू?

“जुनी वही असेल की तुमची,” तीच म्हणाली.

कपाटावरून काढली, धूळ झटकली.
तारीख, माग, विणकर, दोष, कारण.
वाच म्हटलं. मोठ्यानं.

माग सात, इरप्पा कोळी. विरळ पट्टा. कारण : लक्ष नाही.
माग अकरा, बालमणी आडकी. तेलाचा डाग. कारण : गबाळेपणा.
माग सात, इरप्पा. वेलीचं पान उलटं. कारण : रात्रीची उतरली नव्हती.
माग चार, श्रीहरी दुडम. विरळ पट्टा. कारण : लाईट कमी-जास्त.
माग चार. तेलाचा डाग. कारण : माग जुना.
माग चार. पान उलटं. कारण : पुठ्ठ्याला भोकंच चुकीची.

“श्रीहरी कोण?”
मी.
त्या साली दिवसा विणायचो, संध्याकाळी तपासायचो.

खोटं त्यात काही नव्हतं, बरं का.
लाईट खरंच कमी-जास्त व्हायची.
पण सात नंबरला काय वेगळी तार होती?
एवढं बोललो
आणि सादिकचं तोंड मिटलं.

चादर उलटी करून
इकडचा लाल तिकडं पांढरा कसा होतो
यावर छान बोलता आलं असतं.
पण ते परत लग्नाचं आमंत्रण झालं असतं.
म्हणून एवढंच सांगितलं :
कारण लिहिताना नावावर अंगठा ठेवा.
लिहा. मग अंगठा काढा.

टाळ्या वाजल्या.
सायकलवरून अशोक चौकापर्यंत
त्या मला पायडल मारायला लागू देईनात.
काय प्रामाणिक माणूस, असं
मीच माझ्याबद्दल दोनदा म्हणून घेतलं.
घरी शेंगाचटणीवर तेल ओतत सांगितलं :
शब्दांनी काही होईना बघ,
मग मी वही काढली.
“वही काढायचं सुचलं कसं?”
सुचलं, म्हणालो.
घास तोंडात होता
तेव्हा विजयालक्ष्मी आठवली.

इरप्पाचे त्या पानावरून
आठवड्याला सहा रुपये कापले जायचे.
तो आता पुण्यात कुठल्याशा सोसायटीत वॉचमन आहे म्हणतात.
नंबर कुणाकडंच नाही.
नंबर नाही, हेही एक कारणच झालं.

सोमवारी वही ठेवण्याआधी
शेवटच्या कोऱ्या ओळीत लिहिलं :
शनिवार. भाषण. श्रीहरी दुडम.
दोष : शब्द जड, अर्धा तास वाया.
कारण : उकाडा.

शाई वाळत आली होती,
मग अंगठा आठवला.